पावडरवर टी५० छान खाली, इंजिन बेंचवर मात्र फरक शून्य: चूक नेमकी शोधायची कुठे?

भट्टीतला_अंश

मोटार कंपनीच्या संशोधन विभागातला नेहमीचा पेच आहे. पेट्रोल इंजिनासाठीचा तीन-मार्गी कॅटॅलिस्ट (सीओ, हायड्रोकार्बन आणि एनओ तिन्ही एकदम साफ करणारा), प्लॅटिनम-ऱ्होडियम. जुन्या मिश्रणात प्लॅटिनम बराचसा लँथेनम घातलेल्या गॅमा अ‍ॅल्युमिनावर होता, नव्यात तो सुधारित सीरिया-झिर्कोनियावर (ऑक्सिजन साठवून ठेवणाऱ्या ऑक्साइडवर) नेला आहे. धातूचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच.

प्रयोगशाळेतली चाचणी अशी: पावडर दाबून गोळी, ती फोडून २५० ते ५०० मायक्रॉनची चाळण, १०० मिग्रॅ नमुना, ८ मिमी आतल्या व्यासाची क्वार्ट्झ नळी, मिनिटाला २०० मिली वायू. सीओ ५००० पीपीएम, हायड्रोजन १७००, प्रोपीन ४००, एनओ १०००, कार्बन डायऑक्साइड १४ टक्के, बाकी नायट्रोजन. पाणी सोडलेलं नाही. रिच-लीन (इंधन जास्त, मग ऑक्सिजन जास्त) झोका १ हर्ट्झचा, मधला बिंदू लॅम्ब्डा १ (दोन्ही नेमके जुळलेले). तापमान मिनिटाला १० अंशांनी वाढतं. मोजणी एफटीआयआरवर (इन्फ्रारेडने वायू मोजणारं यंत्र), त्याचा सेल २०० मिलीचा आणि १९१ अंशांवर. एजिंग (मुद्दाम तापवून जुनं करणं) मफल भट्टीत, हवेत, ९०० अंशांवर ५ तास.

यात नव्या मिश्रणाचा सीओचा टी५० (अर्धा सीओ जळतो ते तापमान) जुन्यापेक्षा ३५ अंशांनी खाली येतो. मग चौरस इंचाला ६०० सेलच्या पूर्ण मापाच्या विटा (बारीक चॅनलचे सिरॅमिक ठोकळे) कोट करून, इंजिन बेंचवर एज करून, तिथेच लाइट-ऑफ (तापवत नेताना कॅटॅलिस्ट कधी पेटतो ती चाचणी) घेतला तर दोन्ही वक्र एकमेकांवर बसतात. गाडीवर कोल्ड स्टार्टमध्येही काही दिसत नाही.

चूक चाचणीत आहे, एजिंगमध्ये आहे की पावडरवरचा फायदा विटेवर येतच नाही? आणि हे वेगळं करायला सगळ्यात स्वस्त प्रयोग कोणता?

---

मोजपट्टी

एजिंगकडे नंतर येऊ. आधी रिअ‍ॅक्टरच बघा, कारण दिलेल्या आकड्यांतच चार गोष्टी दिसतायत.

पहिली, स्पेस व्हेलॉसिटी, म्हणजे कॅटॅलिस्टच्या मापामागे तासाला जाणारा वायू. मिनिटाला २०० मिली आणि ०.१ ग्रॅम म्हणजे ग्रॅममागे तासाला १,२०,००० मिली. आता विटेचं बघा. तासाला विटेच्या घनफळाच्या ६०,००० पट वायू आणि वॉशकोट (विटेवरचा कॅटॅलिस्टचा थर) लिटरला २०० ग्रॅम धरला तर ग्रॅममागे तासाला ३,००,००० मिली होतात. म्हणजे पावडरला विटेच्या अडीचपट सोपा पेपर दिलाय. मोनोलिथची, म्हणजे विटेची, स्पेस व्हेलॉसिटी घनफळावर आणि पावडरची वजनावर मोजतात, आणि दोन्ही आकडे 'लाखाच्या आसपास' दिसले की कोणी पुढे हिशोब करत नाही.

दुसरी, बेडची (नळीतल्या पावडरच्या थराची) उंची. १०० मिग्रॅ पावडर म्हणजे सुमारे ०.१२५ मिली. ८ मिमीच्या नळीत तिचा थर अडीच मिमी. दाणा ०.५ मिमीपर्यंतचा असताना थरात जेमतेम पाच-सात दाणे एकावर एक. वायू एखाद्या फटीतून सरळ निघून जातो आणि आपण त्याला 'कमी सक्रिय नमुना' म्हणतो. नळीचा व्यास दाण्याच्या १० पट हवा, ते जमलंय. पण थराची उंची दाण्याच्या ५० पट हवी. नळी ६ मिमीची घ्या, नमुना त्याच चाळणीच्या क्वार्ट्झच्या किंवा कोऱ्या कॉर्डिएराइटच्या (विटेच्या सिरॅमिकच्या) दाण्यांत मिसळून अर्ध्या मिलीपर्यंत न्या, म्हणजे उंची १८ मिमीच्या आसपास येईल. नवा नमुना चुरल्यावर जास्त बारीक होत असेल आणि जुना जाडसर राहत असेल, तर ३५ पैकी काही अंश निव्वळ भरण्याच्या पद्धतीचे असतील.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. तो १ हर्ट्झचा झोका तुमच्या नमुन्यापर्यंत पोचतच नाही. २०० मिली प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ३.३ मिली. अर्धा सेकंद रिच म्हणजे १.७ मिलीचा घास, नळी १५० अंशांवर तापलेली असली तर फुगून २.४ मिली. सोलेनॉइड व्हॉल्व्हपासून बेडपर्यंत ४ मिमी आतल्या व्यासाची ३० सेंमी नळी असेल तर तिचंच घनफळ ३.८ मिली. त्यात कोपरे, टी-जोड आणि बाष्पकाची पोकळी आली की रिच आणि लीन वाटेतच एकमेकांत विरघळतात. बेडला दिसतो तो सपाट लॅम्ब्डा १. सीरिया-झिर्कोनियाचा ऑक्सिजन साठा तपासायचा म्हणून सगळा खटाटोप करायचा, आणि त्याला काम पडलेलंच नाही! खात्री करायला बेडच्या जागी वाइडबँड सेन्सर किंवा मास स्पेक्ट्रोमीटरची केशनलिका लावून झोका प्रत्यक्ष बघा. एफटीआयआरवर तो कधीच दिसणार नाही.

कारण चौथी गोष्ट तीच आहे. २०० मिलीचा सेल, १९१ अंशांवर फुगलेला प्रवाह मिनिटाला सुमारे ३१० मिली, म्हणजे सेल एकदा बदलायला ३८ सेकंद. तेवढ्यात भट्टी ६ अंश पुढे गेलेली असते. दोन्ही नमुन्यांना हा उशीर सारखाच लागतो म्हणून फरकावर परिणाम थोडा, पण आकडा म्हणून तो टी५० कुठे छापू नका. मिनिटाला ५ अंश करा किंवा लहान सेल लावा.

ऑक्सिजनचं जुळवणीचं गणितही एकदा हाताने करून ठेवा. क्षपण करणारे: सीओ ५००० + हायड्रोजन १७०० + प्रोपीन ४०० × ९ = १०,३००. ऑक्सिडीकारक: एनओ १००० + ऑक्सिजनच्या दुप्पट. म्हणजे ऑक्सिजन ४६५० पीपीएम. त्याचा मास फ्लो कंट्रोलर २ टक्क्यांनी जास्त देत असेल तर १८६ पीपीएम ऑक्सिजन अणू फाजील झाले. एनओ स्वतः हजारच आहे, तेव्हा हा गोंधळ एनओच्या वक्रात आधी दिसतो. 'नवा नमुना एनओला वाईट' असा शेरा मारण्याआधी कंट्रोलर तपासा.

---

कोरडी_वाफ

मोजपट्टी यांनी पाण्याचा उल्लेख टाळला, तो मी करतो. पाण्याशिवाय केलेली तीन-मार्गी चाचणी ही तीन-मार्गी चाचणीच नव्हे.

इंजिनातून येणाऱ्या वायूत १० टक्क्यांहून जास्त वाफ असते. ती पृष्ठभागावरच्या जागा अडवते, आणि प्लॅटिनम-सीरियावर वॉटर-गॅस शिफ्ट (सीओ आणि वाफेपासून हायड्रोजन), ऱ्होडियमवर स्टीम रिफॉर्मिंग (हायड्रोकार्बन आणि वाफेपासून हायड्रोजन) असे मार्गही उघडते. कोरड्या वायूत यातलं काहीच नाही, त्यामुळे नमुन्यांचा क्रमसुद्धा उलटू शकतो.

१० टक्के वाफ द्यायची सोपी पद्धत म्हणजे नायट्रोजनचा वाटा ४६ अंशांच्या पाण्यातून बुडबुडवून न्यायचा, कारण तिथे पाण्याचा बाष्पदाब १०.१ किलोपास्कल असतो. पण संपृक्त झालेल्या वाट्यात पुढे बाकीचे वायू मिसळतात तेव्हा वाफ विरळ होते, त्या हिशोबाने पाणी आणखी गरम ठेवावं लागतं. सिरिंज पंप लावणार असाल तर सुईच्या टोकाला थेंब जमून टपकू देऊ नका. प्रत्येक थेंबाला वाफेचा एक फटका बसतो आणि सीओच्या वक्रावर नियमित दात दिसतात. सुईचं टोक तापलेल्या क्वार्ट्झ लोकरीला टेकवलं की दात जातात. पुढची सगळी नळी, जोड आणि फिल्टरसकट, १५० अंशांच्या वर. एक जोड जरी थंड राहिला तरी तिथे पाणी साचतं, आणि अमोनिया व एनओ२ एकत्र आले तर अमोनियम नायट्रेटचा पांढरा थरही.

जाता जाता: सीओचा सिलिंडर लोखंडाचा असेल तर त्यात आयर्न कार्बोनिल तयार होतं, ते नमुन्यावर येऊन फुटतं आणि लोखंड बसतं. बेडच्या वरच्या टोकाला विटकरी पट्टा दिसला तर तेच. अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर मागवा किंवा सीओच्या ओळीत तापलेल्या अ‍ॅल्युमिनाचा सापळा बसवा.

---

राखेतला_ऱ्होडियम

वरचं सगळं बरोबर, पण माझा पैसा एजिंगवर. हवेत भाजणं हीच तुमच्या निकालाची खरी गोष्ट आहे.

हवेत तापवलं की अ‍ॅल्युमिनावरचा प्लॅटिनम ऑक्साइड होऊन हलतो, उडतो आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतो. सीरियावरचा प्लॅटिनम मात्र ऑक्सिजनच्या पुलाने सीरियमला बांधला जातो आणि जागचा हलत नाही. प्लॅटिनम-ऑक्सिजन-सीरियम असा हा बंध टोयोटाच्या मध्यवर्ती संशोधन प्रयोगशाळेतल्या लोकांनी २००६ मध्ये क्ष-किरण शोषणाने नीट दाखवला होता. म्हणजे तुम्ही नव्या मिश्रणाला अगदी त्याच्या आवडीच्या वातावरणात एज केलं आणि जुन्याला त्याच्या सगळ्यात नावडत्या. गाडीत सतत रिच-लीन असतं. रिच झालं की तो बंध सुटतो. मग कणही वाढतात आणि वारंवार क्षपण-ऑक्सिडेशन होऊन सीरिया-झिर्कोनियाचं क्षेत्रफळही उतरतं. नवी वीट बेंचवर एज होऊन जुन्याच्या पातळीला आली यात मला नवल वाटत नाही.

ऱ्होडियमचा हिशोब वेगळा. लीन आणि गरम हवेत तो अ‍ॅल्युमिनात शिरतो, अ‍ॅल्युमिनेटसारखा अडकतो आणि लवकर बाहेर येत नाही. त्यामुळे फ्युएल-कट (इंधन तोडून नुसती हवा जाणं) जास्त असलेलं चक्र ऱ्होडियमला मारतं आणि तुमची मफल भट्टी म्हणजे ५ तासांचा अखंड फ्युएल-कट.

भट्टीतच करायचं असेल तर नळीची भट्टी घ्या. १० टक्के वाफ कायम, आणि आलटून-पालटून काही मिनिटं हायड्रोजन-सीओ, काही मिनिटं ऑक्सिजन, मधे नायट्रोजनची धुलाई. धुलाई विसरलात तर नळीत स्फोटक मिश्रण होईल, म्हणून व्हॉल्व्ह एकमेकांत अडकवून ठेवा. थंड करताना शेवटचा वायू कोणता होता ते नोंदवा. रिचमध्ये थंड झालेला आणि लीनमध्ये थंड झालेला नमुना पहिल्या फेरीत दोन वेगळे कॅटॅलिस्ट असल्यासारखे वागतात. म्हणून लाइट-ऑफच्या आधी दोघांनाही ६०० अंशांवर १० मिनिटं चाचणीच्याच वायूत ठेवा आणि निर्णयासाठी दुसरी फेरी धरा.

बेंचवरचं अमेरिकन पर्यावरण संस्था ईपीएचं प्रमाणित चक्र ६० सेकंदांचं असतं: ४० सेकंद स्टॉइकिओमेट्रिक (लॅम्ब्डा १), ५ सेकंद रिच, १० सेकंद रिच अधिक बाहेरची हवा, ५ सेकंद स्टॉइकिओमेट्रिक अधिक हवा. पायाचं तापमान किमान ८०० अंश. रिचमधलं इंधन आणि बाहेरची हवा कॅटॅलिस्टच्या आत जळून शिखर ८९० च्या आसपास जातं. तासांचं रूपांतर करायचं समीकरण असं: समतुल्य तास = प्रत्यक्ष तास × ई चा घात (१७,५०० ÷ संदर्भ केल्विन − १७,५०० ÷ प्रत्यक्ष केल्विन). ८०० ऐवजी ८५० अंश असले तर गुणक २.०७, म्हणजे ५० अंशांत एजिंग दुप्पट. नुसत्या १० अंशांच्या चुकीला १६ टक्के तास इकडचे तिकडे. आणि के-टाइप थर्मोकपल कमी ऑक्सिजनच्या वायूत ८०० ते १००० अंशांवर राहिला की त्यातलं क्रोमियम निवडून खाल्लं जातं, तार हिरवट पडते आणि तो तापमान कमी दाखवायला लागतो. कंट्रोलर मग बिचारा आणखी तापवतो. दोन विटा दोन वेगळ्या आठवड्यांत एज केल्या असतील तर आधी हा थर्मोकपल बघा. एन-टाइप जास्त टिकतो.

---

शेवटचं_चॅनल

गाडीवर फरक दिसत नाही याला एवढी कारणं लागतच नाहीत. तुमची भट्टी मिनिटाला १० अंश चढते. कोल्ड स्टार्टमध्ये इंजिनाला चिकटून बसवलेल्या विटेचं तोंड सेकंदाला १० ते २० अंशांनी तापत असेल, तर ३५ अंश म्हणजे दोन ते साडेतीन सेकंद. त्यातही सुरुवातीला विटेवर पाणी साचतं, तिचं तापमान ते उडेपर्यंत अडून बसतं, आणि तो काळ दोन्ही मिश्रणांना सारखाच. पुढे ५० टक्के ओलांडले की वेग ठरतो तो चॅनलमधल्या आणि वॉशकोटमधल्या विसरणावर, रसायनावर नव्हे. ५००० पीपीएम सीओ जळला तरी वायू सुमारे ४७ अंशांनी तापतो (२८३ किलोज्यूल प्रति मोल, वायूची उष्माधारिता ३० ज्यूल धरून), त्यामुळे एकदा पेटलं की तोंडापासून मागे धडाधड पसरतं.

कोल्ड स्टार्टचे ग्रॅम कमी करायचे असतील तर भिंत पातळ करा, वीट इंजिनाजवळ आणा, धातू पहिल्या २-३ सेंटीमीटरमध्ये दाट करा, इग्निशन मागे घ्या. मिश्रणातून मिळणारे अंश एजिंगनंतर टिकले तरच त्यांना किंमत.

---

राखेतला_ऱ्होडियम

सहमत, पण एक दुरुस्ती. प्रश्नकर्त्यांची बेंचवरची लाइट-ऑफ चाचणी हळू तापवलेली असणार. तिथे ३५ पैकी २० अंश जरी टिकले असते तरी ते दिसायला हवे होते. गाडीवर न दिसण्याचं कारण तुमचं बरोबर, बेंचवर न दिसण्याचं ते नाही.

---

शेवटचं_चॅनल

मान्य. बेंच नजरेतून सुटला होता.

---

तेलाचा_हिशोब

फॉस्फरसचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? इंजिन ऑइलमधल्या झिंक डायथायोफॉस्फेटपासून तो येतो आणि सीरियाशी जोडून सीरियम फॉस्फेट करतो. एकदा ते झालं की तो सीरियम ऑक्सिजन देत-घेत नाही. प्लॅटिनम सीरियावर नेलेल्या मिश्रणाला हे अ‍ॅल्युमिनापेक्षा जास्त झोंबणार हे उघड आहे.

प्रमाणाचा अंदाज: आयएलएसएसी या तेल-मानक संस्थेच्या जीएफ-५ तेलात फॉस्फरस जास्तीत जास्त ०.०८ टक्के. एक लिटर तेल ८५० ग्रॅम धरलं तर त्यात ०.६८ ग्रॅम. १०,००० किमीला एक लिटर जळत असेल तर १,६०,००० किमीला १६ लिटर, म्हणजे ११ ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस, आणि त्यातला वीट जे पकडते ते मुख्यतः तोंडाकडच्या काही सेंटीमीटरमध्येच. नेमकं जिथे लाइट-ऑफ होतो तिथेच. मफल भट्टीत यातलं काही घडत नाही.

तपासणी सोपी. विटेचा लांबीतला काप घ्या, इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर वॉशकोटच्या खोलीत फॉस्फरस, झिंक, कॅल्शियम, सीरियम यांची रेषा काढा. फॉस्फरस सीरियमच्या मागे आतपर्यंत गेलेला दिसला तर फॉस्फेट. नुसता वर झिंक-कॅल्शियमसोबत काचेसारखा थर दिसला तर ती झिलई, आणि ती वायूचं विसरण अडवते. दोन्हींचा उपाय सारखा नाही.

---

भट्टीतला_अंश

सगळ्यांचे आभार. बेड अडीच मिमीचा आहे हे मोजून बघितलेलं नव्हतं, आणि झोक्याची नळी ३० नाही, ४५ सेंमी निघाली. पाणी आणि बेड दुरुस्त होईल. पण सगळं एकदम बदललं तर नेमकं कशाने फरक गेला ते कळणार नाही. क्रम काय धरावा? आणि बेंचवर एज झालेल्या विटेतून कोअर (दंडगोल तुकडा) काढून रिअ‍ॅक्टरवर चालवला तर चालेल का?

---

मोजपट्टी

चालेल नाही, तोच स्वस्त प्रयोग आहे. चार खाने करा: भट्टीत एज केलेला आणि बेंचवर एज केलेला, प्रत्येक नवा आणि जुना. चारही कोअरच्या रूपात, एकाच रिअ‍ॅक्टरवर, वाफेसह. भट्टीत एज केलेल्यांत फरक दिसला आणि बेंचवाल्यांत नाही, तर राखेतला_ऱ्होडियम बरोबर. दोन्हींत नाही दिसला तर पावडरची चाचणीच खोटी. दोन्हींत दिसला तर बेंचवरची मोजणी बघा. भट्टीतल्या कोअरसाठी नव्या विटेचा तुकडा भाजायचा, पावडर नव्हे.

कोअर काढताना: २५ मिमी व्यासाचा पोकळ डायमंड ड्रिल, कोरडा, हळू, मागे लाकडी ठोकळा लावून. पाण्याने कापलं तर फॉस्फेट आणि सल्फेट दोन्ही इकडचे तिकडे होतील. तोंडाकडचे २५ मिमी एक कोअर, मधले २५ मिमी दुसरा. बेंचच्या विटेत हे दोन वेगळेच निघतील आणि तेलाचा_हिशोब यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच मिळेल. परिघावरची अर्धवट फुटलेली चॅनल दोन्ही टोकांना अ‍ॅल्युमिना सिमेंटने बुजवा, बाहेरून सिरॅमिक फायबर गुंडाळून घट्ट बसवा. ५०० अंशांवर सीओ ९९ टक्क्यांच्या वर गेला नाही आणि वक्र ९६-९७ वर सपाट झाला, तर तो कॅटॅलिस्टचा दोष नाही, कडेने वायू निसटतोय. तो कोअर काढून परत बसवा, आकडा जोडून दुरुस्त करू नका.

प्रवाह या मापाला मिनिटाला १० लिटरच्या पुढे जाईल (२५ मिमी व्यास, २५ मिमी लांबी म्हणजे १२.३ मिली, ६०,००० पट धरले तर १२.३ लिटर). त्याने झोका आणि एफटीआयआरचा उशीर, दोन्ही दुखणी आपोआप बरीच कमी होतात. थर्मोकपल कोअरच्या १० मिमी आधी एक, आणि अर्ध्या मिलिमीटरचा दुसरा एखाद्या चॅनलमध्ये ५ मिमी आत. ६०० सेलचं चॅनल वॉशकोटनंतर एक मिमीहून कमी उरतं, तेव्हा ते एक चॅनल बंद झालं असं धरा. टी५० पहिल्यावरून मोजा, दुसरा फक्त आतली ज्वलनाची उष्णता बघायला.

आणि दर आठ-दहा चाचण्यांनंतर तोच एक संदर्भ कोअर चालवून त्याचा टी५० तक्त्यावर मांडत जा. संदर्भच ६ अंश हलत असेल तर ८ अंशांच्या फरकावर बैठक बोलवू नये.

---

जुनी_फाइल

थोडं अवांतर. हा ऑक्सिजन साठ्याचा आणि झोक्याचा सगळा विचार फोर्डच्या संशोधन विभागातून १९७६ मध्ये आलेल्या लेखात सापडतो. त्यातले हरेन गांधी यांना पुढे याच क्षेत्रातल्या कामासाठी २००२ चं अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी मिळालं. त्याच सुमारास व्होल्वोने बॉशचा लॅम्ब्डा सेन्सर गाडीत बसवला. सेन्सर आला म्हणून लॅम्ब्डा १ च्या अरुंद खिडकीत इंजिन धरता आलं, आणि धरूनही ते झोके खातंच म्हणून साठा लागला.

आणि वातावरण बदललं की धातू जागा बदलतो, याचं टोकाचं उदाहरण दाइहात्सूचं. २००२ मध्ये त्यांनी पेरोव्स्काइट (एका ठरावीक जाळीचा ऑक्साइड) दाखवला, त्यात पॅलेडियम लीनमध्ये जाळीत शिरतो आणि रिचमध्ये बाहेर येतो. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्यांनी ही ये-जा वाटते तेवढी मोकळी नाही असं म्हटलं. तिथेही नमुना कोणत्या वायूत तापवला यावरच वाद होता.

---

कोरडी_वाफ

प्रश्नकर्त्यांना: कोअरवर गेलात की मिनिटाला १२ लिटरमध्ये १० टक्के पाणी म्हणजे मिनिटाला सुमारे ०.९ मिली द्रव लागेल. बुडबुड्याची बाटली याला पुरणार नाही, बाष्पक आधी मागवा.